सकाळी ताप नव्हता, मग शाळेत का पाठवू नये?

वाचकाचा प्रश्न: ठाणे जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. आईवडील दोघंही नोकरी करतात, सासूबाई सोबत राहतात. मागच्या महिन्यात एका रात्री मुलाला १०१ ताप होता. सकाळी अंग गार लागलं, थर्मामीटरवर ९८.६ आलं. खबरदारी म्हणून सातला पॅरासिटामॉलचं सिरप पाजून तिनं त्याला आठच्या व्हॅननं शाळेत पाठवलं. साडेअकराला फोन आला, १०२ ताप आहे, लगेच न्यायला या. त्या संध्याकाळी वर्गाच्या ग्रुपवर ‘आजारी मुलांना पाठवू नका’ असा मेसेजही पडला. पुढच्या वेळी नुसती सर्दी होती, पण धसका घेऊन तिनं तीन दिवस घरी ठेवलं. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एवढ्याशा शिंकेला कुणी घरी बसवतं का?” जूनपासून चौदा दिवस शाळा बुडाली आहे. ती विचारते, “ठरवायचं तरी कसं? दोन्हीकडून माझंच चुकतं. हजेरीचं काय होईल? त्याची प्रतिकारशक्तीच कमी आहे का, टॉनिक सुरू करू का?”

ताई, आधी त्या साडेअकराच्या फोनबद्दल बोलू. तुमच्या बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

तुमच्या थर्मामीटरचं काही चुकलं नव्हतं. सकाळी मुलाचा ताप खरोखरच उतरलेला होता. पण शरीराचं तापमान दिवसभर सारखं नसतं. धडधाकट माणसाचंही ते पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपारी चारपासून संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त. तापात हा चढउतार आणखी ठळक होतो. रात्री फणफणलेलं मूल सकाळी गार लागणं, बिस्कीट मागणं, दुपारनंतर पुन्हा गळून जाणं हे साध्या विषाणूच्या तापात दोन-तीन दिवस चालतं. म्हणजे शाळेचा निर्णय आपण नेमका अशा वेळी घेतो, जेव्हा आजार सगळ्यात कमी दिसतो. त्यात तुम्ही सातला पॅरासिटामॉल दिलं. त्याचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो आणि चार ते सहा तास टिकतो. सात अधिक साडेचार म्हणजे साडेअकरा. फोन त्या वेळेला येणं हा योगायोग नव्हता.

म्हणून सकाळच्या आकड्यावर निर्णय घेणं सोडा, आदल्या संध्याकाळच्या आकड्यावर घ्या. ‘२४ तास ताप नको’ हा नियम बहुतेक शाळा सांगतात, पण तो पाळायचा कसा हे कुणी समजावत नाही. सोप्या शब्दांत सांगायचं तर औषध न देता एक अख्खी संध्याकाळ आणि एक रात्र तापाविना जायला हवी. मंगळवारी रात्री ताप होता, तर बुधवारी सकाळी मूल कितीही टवटवीत दिसो, बुधवार घरी. बुधवारी संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान ताप मोजा. त्याआधी निदान सहा तास पॅरासिटामॉल गेलेलं नसावं. ताप नसेल, रात्रीही अंग तापलं नाही आणि गुरुवारी सकाळचा आकडा चांगला आला, तर गुरुवारी शाळा. बुधवारी संध्याकाळी पुन्हा १०१ दिसलं, तर गुरुवारही घरी. याचा मोठा फायदा असा की निर्णय रात्री आठलाच होतो. ऑफिसला कळवणं, डब्याची तयारी, व्हॅनवाल्या काकांना मेसेज हे सगळं सकाळच्या घाईआधी उरकतं.

आता ताप मोजण्याविषयी, कारण सगळं त्याच आकड्यावर उभं आहे. कपाळाला हात लावून ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, किती आहे ते कळत नाही. काखेत मोजताना काख आधी कोरडी पुसा, घामानं आकडा कमी येतो. थर्मामीटरचं टोक काखेच्या खोलगट भागात टेकवा, मधे बनियनची कड येऊ देऊ नका आणि मुलाचा हात छातीशी घट्ट धरून ठेवा. डिजिटल थर्मामीटर बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. घरात जुनं पाऱ्याचं असेल तर चार ते पाच मिनिटं लागतात, आणि फुटण्याची भीती पाहता आता ते बदललेलंच बरं. गरम पाण्याची अंघोळ, धावपळ किंवा जाड पांघरूण यानंतर वीस-तीस मिनिटं थांबून मोजा. कपाळासमोर धरायची बंदूक उन्हातून आलेल्या किंवा घामेजलेल्या मुलात हमखास फसवते. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, हा ताप म्हणण्याचा नेहमीचा आकडा. काखेतलं तापमान आतल्यापेक्षा अर्धा ते एक फॅरनहाइट कमी भरतं, म्हणून काखेत ९९.५ किंवा त्याहून जास्त आलं की ताप आहे असं धरा. डॉक्टरांना सांगताना मनानं काही मिळवू-वजा करू नका. कुठे मोजला, किती वाजता मोजला आणि काय आकडा आला, तेवढंच सांगा.

पॅरासिटामॉल देण्यात गैर काही नाही. अंग दुखतंय, मूल कण्हतंय, पाणी पीत नाही, तर ते जरूर द्या. पण ज्या दिवशी औषधाची गरज पडते, तो शाळेचा दिवस नव्हे. ‘खबरदारी म्हणून’ दिलेला डोस आजार कमी करत नाही, तो फक्त बाईंना आणि तुम्हाला काही तास कळू देत नाही. तेवढ्या वेळात मूल बंद व्हॅनमध्ये दहा मुलांच्या मधे बसतं, प्रार्थनेला उभं राहतं आणि औषधाचा जोर ओसरला की बाकावर डोकं टेकून तुमची वाट पाहतं. बऱ्याच शाळांत आजारी मुलासाठी ऑफिसातल्या एका बाकापलीकडे सोय नसते.

डोसाचा हिशोबही लिहून ठेवा, कारण सिरपच्या बाटल्यांत फार गोंधळ होतो. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम हा एका वेळचा डोस. वीस किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम. बाजारात ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचंही. पहिल्यातून ३०० मिलिग्रॅमसाठी सुमारे १२ मिली लागेल, दुसऱ्यातून ६ मिली. मागच्या वेळी ‘एक झाकण’ दिलं होतं म्हणून या वेळी दुसऱ्या बाटलीतून तेवढंच दिलं, की डोस दुप्पट तरी होतो किंवा निम्मा तरी. घरात एकाच ताकदीची बाटली ठेवा, सुईविना सिरिंजनं मोजा आणि दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर ठेवा. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. सर्दीच्या अनेक मिश्र सिरपांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून दोन्ही सोबत देण्याआधी लेबल वाचा. पुन्हा ताप आला म्हणून मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच काढू नका.

सर्दीच्या बाबतीत मात्र सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. ताप नाही, मूल खातंय, खेळतंय, फक्त नाक गळतंय, अशा वेळी तीन दिवस घरी ठेवण्याची गरज नव्हती. या वयात वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे. एकेक सर्दी सात ते दहा दिवस चालते आणि तिच्यामागून येणारा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. नाक पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबायचं ठरवलं, तर पावसाळा आणि हिवाळा मिळून शाळेचे फार थोडे दिवस हाती राहतील. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे ‘इन्फेक्शन वाढलं’, असंही समजू नका. साध्या सर्दीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो तसा होतोच. शिवाय सर्दी आणि फ्लू लक्षणं दिसायच्या आधीच पसरायला लागलेले असतात. फ्लूचा विषाणू तर साधारण एक दिवस आधीपासून बाहेर पडत असतो. तेव्हा ग्रुपवरचा तो मेसेज मनाला फार लावून घेऊ नका. वर्गात आजार फक्त तुमच्या मुलानं नेला, असं कुणालाच ठामपणे म्हणता येणार नाही.

मग सर्दी-खोकल्यात घरी कधी ठेवायचं? आकडा बाजूला ठेवून सकाळची वीस मिनिटं मुलाकडे बघा. ते आपणहून पांघरुणातून बाहेर येतं का? अर्धा कप दूध किंवा थोडा उपमा घेऊन ते पोटात राहतं का? जमिनीवर बसून रंगवायला दिलं तर रमतं का, की पाचव्या मिनिटाला आडवं होतं? खोकल्यानं बोलता बोलता वाक्य तुटतं का? रात्री दोन-तीनदा खोकून उठलं होतं का? शाळेत पाच तास बसायची ताकद आहे का, हे यातून कळतं. दुसरा प्रश्न बाईंच्या बाजूनं विचारा. चाळीस मुलांच्या वर्गात तुमच्या मुलाला दर दहा मिनिटांनी नाक पुसून द्यावं लागणार असेल, दर तासाला बाथरूमला न्यावं लागणार असेल, तर ते बाईंना झेपणारं नाही. नाक गळतं पण स्वतः पुसता येतं, खोकताना कोपरात तोंड झाकता येतं, असं मूल खुशाल पाठवा. खिशात दोन रुमाल द्या आणि दप्तरात कोमट पाण्याची बाटली.

उलट्या-जुलाबाचं गणित वेगळं. यात ताप नसला तरी संसर्ग जोरात असतो. शेवटची उलटी किंवा शेवटचा पातळ जुलाब झाल्यावर किमान २४ तास, आणि जमत असेल तर ४८ तास थांबा. पहाटे चारला उलटी झाली आणि आठला मूल हसतखेळत आहे, तरी तो दिवस घरीच. खोकून खोकून आलेली एखादी उलटी किंवा व्हॅन लागल्यामुळे झालेली उलटी यात धरू नका. घरी असताना जीवनरक्षक क्षारांचं (ओआरएसचं) पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच कालवा. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर क्षार जास्त होऊन त्रास वाढतो, आणि ग्लासभर पाण्यात चिमूटभर टाकून तर काहीच उपयोग होत नाही. एकदम ग्लासभर दिलं की उलटून पडतं, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-दोन चमचे द्या. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं ही जागा घेऊ शकत नाहीत, जास्त साखरेनं जुलाब वाढू शकतात. मऊ भात, पेज, ताक, केळं चालतं. उपाशी ठेवू नका. घरातल्या सगळ्यांनी हात साबणानंच धुवावेत, कारण उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही.

पुरळ, डोळे आणि त्वचेच्या तक्रारींत एकच नियम चालत नाही, पण नेहमीचे आजार थोडक्यात सांगते. कांजिण्यांत अंगावरच्या शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घरी, साधारण पाच ते सात दिवस. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालफुगीत सूज आल्यापासून पाच दिवस. हातापायांवर आणि तोंडात फोड येतात त्या आजारात, ज्याला सगळे हँड-फूट-माउथ म्हणतात, ताप जाऊन फोड सुकेपर्यंत आणि मूल नीट खाऊ लागेपर्यंत. डोळे आले तर चिकट पाणी येणं थांबेपर्यंत. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची मोठी साथ आली होती, आणि असे बहुतेक डोळे विषाणूमुळे येतात, आपोआप बरे होतात. दुकानातून आणलेले स्टिरॉइडचे थेंब डोळ्यांना घातक ठरू शकतात, म्हणून ते डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही. घशाचा जिवाणूंचा संसर्ग डॉक्टरांनी सांगितला असेल, तर अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास झाले आणि ताप गेला की शाळा चालेल, पण कोर्स पूर्ण करायचा. खरूज असेल तर पहिली रात्र मलम लावून दुसऱ्या दिवशी पाठवता येतं, मात्र घरातल्या सगळ्यांनी त्याच दिवशी मलम लावायला हवं. उवांसाठी एकही दिवस बुडवायची गरज नाही.

यातल्या नावाच्या आजारांत शाळेला खरं नाव सांगा. ‘जरा बरं नव्हतं’ असं लिहून पाठवू नका. वर्गातल्या एखाद्या बाई गरोदर असू शकतात, एखाद्या मुलाची कर्करोगावरची किंवा किडनीच्या आजाराची औषधं सुरू असू शकतात. कांजिण्या किंवा गोवर त्यांच्यासाठी गंभीर ठरतो, आणि वेळेत कळलं तर त्यांच्या डॉक्टरांना काही करता येतं.

आता एक अपवाद, आणि पावसाळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत तो डोक्यात ठेवलाच पाहिजे. ताप उतरला म्हणजे मूल बरं झालं, हा नियम डेंग्यूत उलटा पडतो. डेंग्यूचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो आणि धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तिथूनच सुरू होतात. रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं, ताप गेला, सुटलो. तेव्हा ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला असेल, डोळ्यांमागे दुखत असेल, अंग फार मोडून येत असेल किंवा आजूबाजूला डेंग्यूचे रुग्ण असतील, तर रक्ततपासणी करून घ्या आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवा. पोटात खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, मूल विनाकारण सुस्त किंवा बेचैन होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा. डेंग्यूची शंका असताना तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्यायचं. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अॅसिड असलेली औषधं नकोत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आपल्याकडे मेफेनॅमिक अॅसिडचं सिरप घराघरात सहज सापडतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

शाळा की घर हा प्रश्नच उरत नाही, अशीही लक्षणं आहेत. श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जातायत, ओठ निळसर दिसतायत, मान ताठ झाली आहे, आकडी आली, आठ तासांत एकदाही शू झाली नाही, दाबल्यावर न फिकटणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर आले. अशा वेळी अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.

पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, ती मला खटकली. संपूर्ण पत्रात निर्णय तुमचा, धावपळ तुमची, रजा तुमची आणि चूकही तुमचीच. मुलाच्या वडिलांचा उल्लेख फक्त ‘दोघंही नोकरी करतो’ एवढाच. त्या सकाळी तुम्ही सिरप देऊन पाठवलंत, त्यामागे निष्काळजीपणा होता असं मला वाटत नाही. रजा मागायची भीती होती, आणि ती फार घरांत असते. बऱ्याच पालकांकडून सकाळचा तो डोस याच भीतीपोटी दिला जातो. म्हणून पुढच्या आजारपणाआधी, सगळे धडधाकट असताना, घरात बसून ठरवा. पहिल्या दिवशी कोण थांबणार, दुसऱ्या दिवशी कोण? सकाळचा अर्धा दिवस एकानं, दुपारचा दुसऱ्यानं, असं जमतं का? शाळेच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर बहुतेक ठिकाणी आईचा असतो. तुमचं ऑफिस लांब असेल तर जवळ असणाऱ्या वडिलांचा नंबर पहिला करून घ्या, आणि न्यायला येऊ शकतील अशा शेजारच्या एका विश्वासू व्यक्तीचं नावही शाळेत लेखी द्या.

सासूबाईंना यात पूर्ण सामील करून घ्या, कारण दिवसा घरी त्याच असणार. संध्याकाळचा ताप, औषधाशिवायची रात्र, उलटीनंतरचे अठ्ठेचाळीस तास आणि डोसाचा मिलीतला आकडा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि फ्रिजवर लावा. त्यांच्याशी बोलून, त्यांच्या समोरच लिहा. मग उद्या त्यांचं मत वेगळं पडलं तरी वाद कागदाशी होतो, सुनेशी होत नाही. तोच कागद तुम्हालाही धरून ठेवतो. सोमवारी मीटिंग आहे म्हणून नियम सैल होत नाही आणि ग्रुपवर कुणी बोललं म्हणून उगाच कडकही होत नाही.

हजेरीची धास्ती या वयात तरी सोडून द्या. ७५ टक्क्यांची अट सगळ्यांच्या डोक्यात बसली आहे ती दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेमुळे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, पण मागे ठेवण्याची मुभा तिनं दिली ती पाचवी आणि आठवीपुरती. पहिलीतल्या मुलाला चौदा दिवस बुडाले म्हणून त्याच वर्गात ठेवता येत नाही. नुकसान होतं ते अभ्यासाच्या सलगतेचं. पहिलीत वाचन नुकतंच बसत असतं, म्हणून बरं वाटू लागलं की वर्गातल्या एका मुलाच्या वहीचा फोटो मागवा आणि रोज पंधरा मिनिटं, एक पान, एवढंच करा. ताप असलेल्या दिवशी अभ्यास नको. आणि बाईंना आधीच विचारून ठेवा की आजारपणात नेमकं काय भरून काढायचं, म्हणजे सगळ्या वह्या पूर्ण करायचा ताण मुलावर येणार नाही. पूर्ण हजेरीचं बक्षीस देणाऱ्या शाळांशी पालकसभेत बोलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. त्या एका प्रमाणपत्रासाठी मुलं दुखणं अंगावर काढतात.

काही घरांत अडचण याच्या उलट असते, त्यांच्यासाठी थोडं. दर सोमवारी किंवा गणिताच्या चाचणीच्या दिवशी पोट दुखतं, बेंबीभोवती हात ठेवून मूल रडतं, आणि व्हॅन गेली की दहापर्यंत सगळं ठीक. ताप नाही, उलटी नाही, वजन नीट आहे. हे दुखणं खोटं नसतं, भीतीनंही पोट खरंच दुखतं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या आणि मग हळुवारपणे पण ठामपणे शाळेत पाठवा. घरी ठेवत गेलं की भीती वाढते. बाई, व्हॅनमधली मोठी मुलं, शाळेतलं स्वच्छतागृह यांबद्दल मुलाशी बोला, कारण भीतीचं मूळ बहुतेकदा यापैकीच कुठेतरी निघतं. दुखणं बेंबीपासून दूर असेल, उजव्या बाजूला खाली सरकत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, सोबत उलटी किंवा शौचातून रक्त असेल, तर त्याला भीती समजू नका. आणि खरोखर आजारी असतानाचा घरचा दिवस विश्रांतीचाच ठेवा. मोबाइल दिवसभर हातात मिळाला, की पुढच्या वेळी खरं दुखणं कोणतं हे ओळखणं तुम्हालाही अवघड जातं.

राहिला टॉनिकचा प्रश्न. मूल नीट खात असेल, वजन-उंची वयाप्रमाणे वाढत असेल, दोन आजारांच्या मधे पूर्ण बरं होत असेल, तर वारंवार सर्दी-ताप हे कमी प्रतिकारशक्तीचं लक्षण नाही. शाळेत नवे विषाणू भेटतात आणि शरीर त्यांची ओळख करून घेतं, पहिली एक-दोन वर्षं हे चालतं. प्रतिकारशक्ती वाढवतो म्हणून विकलं जाणारं कुठलंही सिरप या सर्द्या थांबवत नाही. त्यापेक्षा लसींचं कार्ड काढा. पाच-सहा वर्षांचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर झाला आहे का, गोवर आणि कांजिण्यांचे दोन्ही डोस पूर्ण आहेत का, ते पाहा. फ्लूची लस दर वर्षी पावसाळ्याआधी घ्यावी का, हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. दमा असलेल्या मुलांसाठी ती विशेष महत्त्वाची.

चौदा दिवसांचा आकडा मात्र तसाच सोडू नका. ते कशामुळे बुडाले, हे तारखेसह वहीत मांडा. प्रत्येक वेळी रात्रीचा खोकला, धावल्यावर धाप किंवा छातीत शिट्टीसारखा आवाज दिसत असेल, तर ती वारंवार सर्दी नसून दमा असू शकतो. तो संसर्गजन्य नाही, आणि नीट उपचार मिळाले, शाळेत स्पेसरसह (पंपाला जोडायच्या पोकळ नळीसह) दम्याचा पंप ठेवला, तर दिवस बुडणं बरंच कमी होतं. तोंड उघडं ठेवून झोपणं आणि मोठ्यानं घोरणं असेल तर नाकामागच्या ग्रंथी वाढल्या आहेत का, ते तपासावं लागतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, रोज संध्याकाळी कणकण आणि घटतं वजन असेल तर क्षयाची तपासणी व्हायलाच हवी. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया झाला, शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागलं किंवा खोलवर गळवं येत राहिली, तरच प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांचा विचार करायचा. यातलं काही लागू पडत असेल तर ती वही आणि लसींचं कार्ड घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा, आणि शक्यतो मूल बरं असतानाची वेळ घ्या. तापाच्या दिवशी दवाखान्यात फक्त त्या दिवसाचा ताप पाहिला जातो.